श्यामकांतच्या कोटाचं प्रस्थान

"विमानात संडास असतो का? आणि असला तर ते सगळं पडतं कुठे?"

हा प्रश्न काउंटरवर, मोठ्याने, चार माणसांत विचारून दाखव, अशी पैज शाळेतल्या मैत्रिणींनी उर्मिलेशी लावली होती. पैज म्हटली की ठाकुरद्वारच्या या उर्मिला विजयकरच्या अंगात इंजिन शिरायचं! शिवाय विमान कंपन्यांच्या कचेऱ्यांत तिला तसंही जायचंच होतं. तिचा श्यामकांतदादा इंजिनिअरिंग शिकायला अमेरिकेला निघाला होता, आणि कुठल्या कंपनीच्या विमानाने जायचं यावर घरात महिनाभर रणकंदन चाललं होतं.

अप्पा रोज जेवण झालं की ॲटलास उघडून अटलांटिक महासागरावर चष्मा ठेवत. "लंडनला विमान बदलावं लागणार. पहिलं उशिरा पोचलं तर दुसरं काय याच्यासाठी खोळंबणार आहे?" आई म्हणे, "जेवायला मासे देतात ती कंपनी बरी." अप्पांची थोरली बहीण लीलाआत्या म्हणजे घरातलं हायकोर्ट. तिचा निकाल, "समुद्रावरून कमीत कमी जाते ती कंपनी!" श्यामकांत काहीच म्हणत नसे. शिंक आली तरी इकडेतिकडे बघून परवानगी घेणारा प्राणी तो!

"मी ठरवते!" उर्मिला म्हणाली. "एका दुपारचं काम आहे. बघाच तुम्ही!"

चर्चगेटला पहिल्या कंपनीतल्या साहेबाने तिचा प्रश्न ऐकून टाय सैल केला. दुसऱ्या कंपनीतले खो खो हसले आणि तिला आणि बरोबर आलेल्या मैत्रिणींना चॉकलेटं देऊन त्यांनी वाटेला लावलं. तिसरीकडे जाड भिंगांची एक पारशी बाई बसली होती. तिने पेन्सिल खाली ठेवली.

"असते ने, डिकरी. समदा टाकीमंदी जाते. पुढच्या टेसनला खाली करते. दर्यात काय बी पडत नाय. आणखी काय विचारायचा?"

झालं! जी कंपनी या प्रश्नाला सरळ उत्तर देते ती दादाला अटलांटिकात टाकणार नाही! उर्मिलेने तिथल्या तिथे कंपनी पक्की केली. अप्पांनीही सुटल्यासारखा श्वास टाकला आणि तिकीट काढलं. कैरो, रोम, लंडन, तिथे विमान बदलून पुढे न्यूयॉर्क. रविवारी सकाळी निघायचं.

"रविवारी?" आत्याचा अडकित्ता थांबला. "रविवारी पश्चिमेला? अगो, दिशाशूल आहे! त्या दिवशी पश्चिमेला पाऊल टाकायचं नसतं."

"आत्या, विमान कुठे पाऊल टाकतं?"

आत्या अप्पांकडे वळली. "मनू, तुझ्या या लेकीच्या तोंडाला झाकण कर!"

पण हायकोर्टाने उपायही सांगितला. प्रस्थान ठेवायचं! म्हणजे चांगला मुहूर्त बघून प्रवाशाची एखादी वस्तू वाटेवरच्या घरी नेऊन ठेवायची. प्रवास तेव्हाच सुरू झाला असं धरायचं, आणि मग खरं निघताना ती वस्तू उचलून पुढे जायचं. अट एकच. ठेवलेलं प्रस्थान परत घरात आणायचं नाही. आणलं की प्रवास मोडला!

सांताक्रूझच्या विमानतळाच्या वाटेवर लालबागला गंगुबाई राहायची. श्यामकांतला लहानपणी अंगाखांद्यावर वाढवलं ते तिने. तिचा मुलगा रघु गिरणीत साच्यावर, म्हणजे कापडाच्या मागावर, होता. त्यांच्याकडे दादाचा नवा लोकरी कोट ठेवायचं ठरलं.

नुसता कोट? उर्मिलेला ते फारच मिळमिळीत वाटलं. प्रस्थान ठेवायचं तर असं ठेवावं की दिशाशूलाने हात टेकले पाहिजेत! तिने गुपचूप कोटाच्या आतल्या खिशात तिकीट आणि पासपोर्ट सरकवला. निघायला दहा दिवस असताना, गुरुवारी मुहूर्तावर कोट लालबागला गेला.

सोमवारी रेडिओवर बातमी आली. मुंबई महाराष्ट्राला मिळणार नाही.

मग गिरगाव गिरगाव राहिलं नाही. दगड, जळते टायर, अश्रुधूर. पहिले बार ऐकून आई म्हणाली, "कुणाची वरात आहे का?" तेवढ्यात खालून चौघेजण एकाला चादरीत घालून धावत गेले. चादरीतून काहीतरी गळत होतं. त्यानंतर वरातीचं नाव कुणी काढलं नाही. संचारबंदी लागली.

बुधवारी अप्पांनी कपाट उपसलं, मग गाद्या, मग तांदळाचा डबा.

"पासपोर्ट कुठाय?"

"प्रस्थानात," उर्मिला म्हणाली. इतक्या बारीक आवाजात ती जन्मात बोलली नव्हती.

शुक्रवारी दारात पोलिसांची गाडी थांबली. हवालदार जिना चढून आला.

"श्यामकांत मनमोहन विजयकर इथलेच? गोळी लागलीय. परळला हॉस्पिटलात आहेत. पाय कापायचाय, आईबापाची सही पाहिजे."

आई मटकन खाली बसली. श्यामकांत तिच्या शेजारीच चहा पीत होता.

"मी... मीच श्यामकांत," तो म्हणाला.

हवालदाराने त्याला खालपासून वरपर्यंत बघितलं. "पुरावा?"

"पासपोर्ट आहे ना!"

"दाखवा."

"तो... त्यांच्याकडे आहे. माझ्याकडे. म्हणजे पाय कापायचाय त्यांच्याकडे!"

"असं करा, सगळेच चला," हवालदार म्हणाला. त्याचेही डोळे तारवटलेले होते.

हॉस्पिटलच्या पायरीवर गंगुबाई बसली होती. केस पिंजारलेले, ओठ सुकून फुटलेले.

"दोन दिस हयच बसलंय, बाय," ती उर्मिलेला म्हणाली. "रघु म्हणान कोणच नाय म्हणतत. सगळे वॉर्ड बघितल्यानी, कागद बघितल्यानी. नाय म्हणतत."

"पण रघु इथे कशाला येईल?"

"आयतवारी इमान ना श्यामबाबाचा! जरा शांत झाला तसो कोट घेवन निघालो. अंगातच घातल्यान. म्हणालो, साहेबाचो कोट बघून पोलीस सोडतले."

सोडलं नव्हतं. नाक्यावरच गोळी मांडीत घुसली होती; बघणाऱ्यांनी गंगुबाईला हॉस्पिटलचं नाव सांगितलं होतं. शुद्ध हरपलेल्या माणसाच्या खिशात पासपोर्ट मिळाला, आणि हॉस्पिटल दोन दिवस गिरगावातल्या श्यामकांतच्या आईबापांना शोधत राहिलं. रघुची आई बाहेरच्या पायरीवर बसून होती.

गंगुबाईने अंगठा उठवला. डॉक्टर कागद घेताना अप्पांना म्हणाले, "काल सही मिळाली असती तर गुडघ्याखाली भागलं असतं."

अप्पांनी उर्मिलेकडे बघितलं नाही. बघितलं असतं तर बरं, असं तिला वाटलं.

रविवारचं विमान वेळेवर गेलं, श्यामकांतशिवाय. पासपोर्टाची पानं रक्ताने चिकटून त्याची एकच वडी झाली होती. दादा म्हणाला, "पुढच्या वर्षी बघू." आणि उर्मिलेला वाटलं, हा एवढासा आवाज याने मुद्दाम, मला लागू नये म्हणूनच काढलाय!

पुढच्या आठवड्यात संचारबंदी उठली तशी ती हॉस्पिटलात गेली. चादर एका बाजूला सपाट होती. साच्यापुढे आठ आठ तास उभा राहणारा माणूस उशीला टेकून बसला होता.

"बघ काय न्याय," रघु म्हणाला. "पाय कापल्यानी श्यामकांताचो, गेलो माझो!"

उर्मिला हसली. हसायला नको होतं, पण हसली, आणि मग तिला थांबताच येईना. नर्सने येऊन पाणी दिलं तेव्हा कळलं की ती रडत होती.

घरी परतली तेव्हा आत्या दाराच्या चौकटीवर हात ठेवून उभी होती. उर्मिलेच्या हातात हॉस्पिटलातून मिळालेला तो कोट होता.

"आत आणू नकोस हो! ते प्रस्थान आहे. प्रवास मोडेल!"

"मोडलाय, आत्या!" उर्मिला तिच्या हाताखालून वाकून आत शिरली. ताठ, काळपट कोट तिने अप्पांच्या ॲटलासवर ठेवला.

"अप्पा, आई, मी ठरवलंय. रघुला हॉस्पिटलातून सोडतील तेव्हा तो लालबागच्या त्या चौथ्या मजल्यावरच्या खोलीत जाणार नाही. तो आणि गंगुबाई आपल्याकडे राहणार. माझ्या खोलीत. मी आत्याजवळ झोपेन."

आईने पदर तोंडाला लावला. अप्पांनी चष्मा काढला, पुसला आणि परत घातला.

"आणणार कुठल्या वारी?" आत्याने विचारलं. आवाज पहिल्यांदाच हायकोर्टाचा नव्हता.

"रविवारी!" उर्मिला म्हणाली. "आणि आधी काहीही पाठवायचं नाही!"