मामाजींची दोन सीटांची रेसगाडी

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी सारं बोरगाव बैलांचे खांदे तूप-हळदीनं मळत असायचं, तेव्हा आमचे मामाजी आपल्या रेसगाडीच्या पुढच्या चाकांना तूप चोळत बसायचे. चोळून झालं की गाडीच्या कानाशी, म्हणजे आरसा असायला हवा होता तिथे, वाकून सांगायचे, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या."

दुसऱ्या दिवशी बॉनेटवर पुरणपोळी ठेवली जाई. ती गावातली कुत्री खाऊन जात. मामाजी म्हणायचे, "पावली."

वासुदेव मामाजी माझ्या आईचे धाकटे भाऊ. धंदा संत्र्याच्या बागांतले फवारणी पंप दुरुस्त करायचा आणि नाद रेसगाड्या बांधायचा. रेसचं मैदान इथून किती लांब असतं ते त्यांना ठाऊक नव्हतं, आणि ते कोणाला विचारायलाही गेले नाहीत. इंजिन भंगारातल्या ऑटोचं, सांगाडा लोखंडी अँगलचा, पत्रा तेलाचे डबे ठोकून सरळ केलेला. त्यामुळे गाडीच्या कुशीवर कुठलं तरी अर्धं सूर्यफूल उमललेलं असे. एक गाडी बांधायची, मोडायची, त्याच लोखंडातून दुसरी उभी करायची.

मी पांढुर्ण्याहून गेलो की शिकल्यासवरल्या माणसासारखे प्रश्न विचारायचो.

"मामाजी, दरवाजे?"

"रेस म्हणजे रेस."

"वरून टप?"

"रेस म्हणजे रेस, भाचेबुवा."

मागचा गिअर इंजिनात होता, तो त्यांनी मुद्दाम काढून टाकला. "रेसमंधी कोणी मांगं येते का?"

शेवटच्या गाडीला मात्र त्यांनी दोन सीटा बसवल्या. रेसगाडीला एकच असते, मी टीव्हीवर पाहिलंय, असं मी म्हटलं. मामाजी पाना फिरवत म्हणाले, "त्या टीव्हीवाल्याचं लगन नसन झालं."

मागच्या गिअरचं प्रकरण एकदा अंगाशी आलंच. देवळामागच्या बोळीत गाडी शिरली आणि पुढे बोळ संपली. मागे येता येईना. शेवटी गुलाबभाऊनं आपली बैलजोडी आणली, दोर बांधला आणि गाडी शेपटाकडून ओढून काढली. गुलाबभाऊची जोडी शंकरपटात, म्हणजे बैलांच्या शर्यतीत, कायम पुढे. तो असा मोका सोडतो होय?

"मामाजी, मोटर बांधली तुमी, पन काढाले बैलच लागले ना? आना मंग तिले पटात. माह्या जोडीसंगं पळवून दाखवा."

लोक हसले. मामाजींना हसण्याची सवय होती, पण त्या दिवशी ते लोखंडासारखे गार झाले. म्हणाले, "आनतो. हारलो तं गाड्या बांधनं बंद."

ते गाड्या बांधणार नाहीत म्हणजे काय, हे मला कळत होतं. सकाळी उठून ते करणार काय?

पटाच्या दिवशी मी माझी गाडी लिंबाखाली लावून मैदानात गेलो. आमच्या घरात मामा भाच्याच्या पाया पडतो. मामाजींनी सगळ्यांदेखत वाकून माझ्या पायांना हात लावला. मग मामी आली. जरीकाठी लुगडं, डोक्यावर घट्ट पदर. ती दुसऱ्या सीटवर बसली आणि दोन्ही हातांनी पुढचा दांडा धरला.

"मामाजी, वजन वाढते ना," मी म्हणालो.

"वाढू दे."

झेंडी पडली. गुलाबभाऊची जोडी बाणासारखी सुटली. मामाजींची गाडी वरातीतल्या घोड्यासारखी निघाली. खड्डा आला की आणखी हळू, मग थांबायची, मामाजी मामीकडे पाहायचे, पुन्हा निघायची. बैल धावून, पाणी पिऊन मोकळे झाले तेव्हा गाडी निम्म्यावर होती.

"मामाजी, नवरी घेऊन चालले का जी?" गुलाबभाऊ ओरडला. मैदान हसून लोळलं.

मला मात्र हसू येईना. कारण इतक्या वर्षांत कोणाला न सांगितलेली गोष्ट तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे उभी राहिली.

नवी गाडी घेतली तेव्हा मी मामा-मामीला सावरगावला, मामीच्या माहेरी, घेऊन गेलो होतो. काचा बंद, आत एसी. मामीला वाटेतच उलटी झाली. मी तिला एक शब्द बोललो नाही. फक्त परत निघताना तिच्या सीटवर वर्तमानपत्र अंथरलं, ती बसायच्या आधी, तिच्या डोळ्यांदेखत. मामी क्षणभर उभी राहिली, मग बसली. त्यानंतर ती कोणत्याच मोटारीत बसली नाही. भाऊबीजेलासुद्धा नाही. "मले नाही झेपत, बापा," एवढंच म्हणायची. मामाजींनी मला कधी विचारलं नाही. भाच्याला मामा काय बोलणार?

ती दोन सीटांची, दरवाजे नसलेली, चहूबाजूंनी उघडी गाडी त्यांनी त्याच वर्षी बांधायला घेतली होती.

गाडी शेवटच्या खुंटाशी पोचली. मी धावत गेलो. तरीही तोंडातून निघालं ते हेच, "मामाजी, जरा जोरात पळवाची होती ना गाडी. हारले ना तुमी."

त्यांनी माझं ऐकलंच नाही. ते मामीकडे पाहत होते.

"काय वाटून राहिलं?"

मामीनं दांड्यावरचे हात सोडले. म्हणाली, "काही नाही. भूक लागली."

मामाजींनी डोळे पुसले, धूळ गेल्यासारखे. "चाल मंग. तुह्या भावाकडं जेवू."

त्यानंतर त्यांनी दुसरी गाडी बांधली नाही. लोक म्हणाले, पैज हरले म्हणून. आता मामाजी नाहीत, तेव्हा सांगायला हरकत नाही: त्यांना हवी होती ती गाडी बांधून झाली होती.

त्या दिवशी गाडी सावरगावच्या रस्त्याकडे वळली, सायकलच्या वेगानं. मी बाजूला झालो. तेवढ्यात मामीनं मान वळवली.

"बापू, उपाशी नको जाऊ. वांग्याची भाजी झाकून ठेवली हाय. कुलूप नाही लावलं."

मी जेवून गेलो.