वाणात गेलेला गडवा

खुशालराव पाणीपुरवठा खात्यातून निवृत्त झाले आणि बघता बघता चित्रकार झाले. अमरावतीच्या त्यांच्या कॉलनीत आधीच एक निवृत्त गृहस्थ होमिओपॅथ आणि दुसरे ज्योतिषी झालेले असल्यामुळे कोणाला फारसं नवल वाटलं नाही. मोबाईलवरच्या मास्तरांनी सांगितलं होतं, घरातल्याच वस्तू मांडा आणि स्थिरचित्र काढा. खुशालरावांनी दिवाणखान्यातल्या टेबलावर निळी चादर अंथरली. तिच्यावर लोणच्याची बरणी, काचेची बाटली, वांगी आणि संत्री मांडली. तरी मांडणीला वजन येईना. वजन होतं पत्नी पार्वताबाईंच्या कपाटात, त्यांच्या आईने दिलेल्या पितळी गडव्याच्या, म्हणजे पाण्याच्या तांब्याच्या, रूपाने.

"मायनं अकोटून आणला होता," पार्वताबाई म्हणाल्या. "आता माय नाई, तिचा एवढाच गडवा हाये. याले काई झालं तं तुमी अन् तुमचे रंग दोन्ही घराबाहेर."

"अवं, त्याले काय होते? तो काई पयून जाते का?"

गडवा टेबलावर आला आणि तो खरंच पळाला नाही. त्याला लोकांनी नेलं.

संक्रांतीचं हळदीकुंकू होतं. घरात बायकांची गर्दी होणार म्हणून खुशालराव चौकातल्या पानठेल्यावर जाऊन बसले. लुटायला आणलेल्या प्लास्टिकच्या गाळण्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर ठेवल्या होत्या. पहिल्या चार जणी जरा लवकरच टपकल्या. पार्वताबाई आत साडी नेसत होत्या. सून अपेक्षाने सगळ्यांना कुंकू लावलं, तिळगूळ दिला, "वाण टेबलावर आहे, एकेक घ्या ना," म्हणाली आणि दूध उतू चाललं म्हणून आत धावली.

बायकांना समोर एकच टेबल दिसत होतं. त्यावर स्वच्छ चादर, नीट मांडलेल्या वस्तू, आणि वांगीसुद्धा. संक्रांतीच्या वाणात वांगी असतातच. कोणतीही समजूतदार बाई करील तेच त्यांनी केलं.

संध्याकाळी खुशालराव परतले तेव्हा टेबलावर चादर होती आणि एक संत्रं होतं. अपेक्षाच्या तोंडचं पाणी पळालं होतं.

"बाबा, गडवा शेजारच्या रागिणीकाकूंनी नेला. गर्दीत आईंचं अजून लक्ष गेलं नाही. त्यांना सांगू नका, तुमच्या पाया पडते!"

खुशालरावांनी टेबलावर एक बादली उपडी घातली, तीच चादर तिच्यावर टाकली आणि चित्र पूर्ण होईपर्यंत कोणी हात लावू नये असं घरात जाहीर केलं. दुसऱ्या दिवशी ते चोरासारखे रागिणीबाईंच्या दारात उभे होते.

"काकाजी, दिलेलं वाण कोनी परत घेते का?" रागिणीबाई दचकल्याच. "दोन्ही घराले अपशकुन होते."

"मंग मी काय करू? पार्वता मले घरात ठेवाची नाई."

रागिणीबाईंनी जरा विचार केला. "शुक्रवारी माह्याकडे हळदीकुंकू हाये. तवा काकूले वाण म्हनून तोच देते. वाणात गेला, वाणात येईन."

खुशालरावांना वाटलं, ही बाई आपल्या खात्यात असती तर सगळ्या गावाला चोवीस तास पाणी मिळालं असतं. शुक्रवारपर्यंत पार्वताबाईंनी विचारलं की ते एवढंच म्हणत, "रंग वायून राहिला."

पण रागिणीबाई कामाच्या चोख. इतक्या बायकांदेखत जुना, काळपट गडवा कसा द्यायचा? त्यांनी तो चिंचेने घासघासून लख्ख केला, भांडेवाल्याकडून त्याचा पोचा काढून घेतला आणि वर नाव घातलं, 'सौ. रागिणी यांजकडून सप्रेम'.

शुक्रवारी पार्वताबाई हवेत तरंगतच घरी आल्या.

"पाहा! साऱ्या बायांले प्लास्टिकचे डबे, अन् मले एकटीले पितळी गडवा! नवाकोरा!" त्यांनी तो शोकेसमध्ये ठेवला आणि मागे सरकून पाहिलं. "मायच्या गडव्याची सर नाई म्हना. पन जोडी चांगली दिसन. आणा आता तो मायचा."

खुशालराव जागचे हलेनात. पार्वताबाईंनी स्वतःच चादर उचलली. खालची बादली पाहून त्यांचा आवाज एकदम खाली आला.

"मायचा गडवा कोठी हाये?"

ओरडली असती तर परवडलं असतं. खुशालरावांनी पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळं खरं सांगून टाकलं.

"म्हंजे हाच तो?"

"हाच तो."

"मी मायचा गडवा ओळखत नाई का? याच्यावर तं रागिणीचं नाव हाये!"

"मंग रागिणीलेच इचार."

"काय इचारू? बाई, तू देल्लं ते वाण माह्याच घरातलं होतं का, असं? लोकाइत तोंड दाखवाचं हाये मले."

"अपेक्षाले इचार!"

अपेक्षा दारातच उभी होती. "मला काहीच माहीत नाही, आई," ती म्हणाली आणि लगबगीने कपडे वाळत घालायला गच्चीवर गेली.

खुशालरावांकडे आता एकच साक्षीदार उरला होता. त्यांनी आतून चित्र आणलं आणि शोकेसशेजारी धरलं. "हे पाहा. समोर ठेवून काढला होता. तोच अरुंद गया, तेच पोट, तवाचा पोचासुद्धा काढला. आता तं पटलं?"

पार्वताबाईंनी चष्मा लावला. चित्राकडे पाहिलं, गडव्याकडे पाहिलं, पुन्हा चित्राकडे पाहिलं.

"हा भोपया हाये," त्या म्हणाल्या. "माह्या मायचा गडवा घेऊन या. त्याबिगर घरात येऊ नका."

खुशालरावांनी चपला घातल्या आणि शोकेसमध्ये चमकत असलेला गडवा शोधायला ते घराबाहेर पडले.