लाल दिव्यातली पात्रता तपासणी

दान द्यावे की न द्यावे, याबद्दल शास्त्रांत मतभेद असतील. देण्याआधी सखोल चौकशी व्हावी, याबद्दल सुशिक्षितांत मुळीच नाहीत.

अभय रणपिसे हा कर्वेनगरचा सॉफ्टवेअरवाला मनाने अगदी लोणी (साल २००४, एसी गाडी नुकतीच घेतलेली). सिग्नलवर मथुराबाई नावाची म्हातारी हात पुढे करायची, तेव्हा त्याच्या पोटात खरोखर तुटायचं. पण नुसतं तुटलं म्हणून कुणी पैसे देतं का? दोन रुपये भलत्याच हाती पडले तर देशाचं काय होणार? तेव्हा त्याने ऑफिसातल्या शिस्तीने आधी निकष ठरवले. अर्जदार गरजू असावा, निर्व्यसनी असावा, कामास असमर्थ असावा आणि (हे फार महत्त्वाचं) नम्र असावा.

मग तपासणी सुरू झाली. काच चार बोटं खाली.

"आजी, मुलं बघत नाहीत का?" सिग्नल सुटला. दुसऱ्या दिवशी, "तंबाखू खाता का?" तोही सुटला. तिसऱ्या दिवशी, "मग धुणंभांडी का नाही करत?" तिने वाकडी झालेली बोटं दाखवली. अभयला अगदी भरून आलं. त्या मुद्द्यावर त्याने तिला पैकीच्या पैकी गुण दिले. असे सव्वीस दिवस गेले. दान झालं नव्हतं, पण कामाची प्रगती समाधानकारक होती.

सत्ताविसाव्या दिवशी मंजुरी मिळाली. आपला चांगुलपणा कुणीतरी पाहायला हवा, म्हणून त्याने बायकोला, अक्षताला, शेजारी बसवलं. दहाची कोरी नोट हातात धरली. मथुराबाई एकेक गाडी करत आली आणि याची गाडी वगळून सरळ मागच्या रिक्षाकडे गेली.

"अहो आजी! इकडे! आज देणार आहे मी!"

"ऱ्हाऊ द्या सायेब. लाल दिवा तो केवढा! तुमच्याशी बोलत बसलं की बाकीच्या गाड्या निघून जात्यात. महिनाभर दुपारची उपाशी हाय मी."

अक्षता खिडकीबाहेर बघत राहिली, तेच जास्त झोंबलं. अभयला फार वाईट वाटलं. एवढी विचारपूस तर त्याने कधी सख्ख्या आईचीही केली नव्हती! मागून हॉर्न सुरू झाले, तशी त्याने नोट खिशात ठेवली आणि गाडी काढली.

आता यात चूक नेमकी कुणाची, हे वाचकांनी सर्व बाजूंनी विचार करून सावकाश ठरवावं. घाई नाही. उपाशी आपण थोडेच आहोत!