ढवळ्याच्या अंगावरचा समुद्र

अमृताने समुद्र कधी पाहिला नव्हता. तरी राजुरीत बसून, टीव्हीवर पाहिलेले पट्टेरी मासे, तारामासे आणि एक ऑक्टोपस तिने लाकडी ठोकळ्यांवर झकास कोरले. नारायणगावच्या नवनाथशेठला नव्या फिश हॉटेलात लावायला या ठशांची दहा चित्रं हवी होती. पोळ्याच्या दिवशी तो ती बघायला येणार होता.

"शेठला पसंत पडली तर कर तुजी चित्रकला," आबांनी, म्हणजे तिच्या वडिलांनी, चिमाजींनी, बजावलं होतं. "न्हाईतर गुमान डी.एड.चा फारम भर."

पुण्याहून मागवलेली शाई आली ती नेमकी आदल्या दिवशी. भादवी पोळ्याच्या सकाळी अमृताने पडवीत ठोकळे मांडले, डबा उघडला, आणि आईने पोळ्या लाटायला हाक मारली.

चिमाजी दरवर्षी पेला गेरूत बुडवून बैलावर गोल ठसे उठवत. आज सगळे पेले पाहुण्यांच्या हातात. शोधत शोधत ते पडवीत आले. चित्रं ब्रशाने काढतात एवढंच त्यांना ठाऊक. ठोकळे बघून ते हरखलेच. पोरीने बैलासाठी केवढी तयारी केली!

अमृता बाहेर आली तेव्हा पांढराशुभ्र ढवळ्या मानेपासून शेपटीपर्यंत मासेच मासे झाला होता. वशिंडावर ऑक्टोपस बसला होता. शाईचा डबा चाटूनपुसून रिकामा.

"आबा! आता मी शेठला काय दाखवू? आन् ही शाई दोन दिवस वाळत न्हाई!"

"मंग बेस झालं. मिरवणुकीपातुर चकाकंल."

अमृताला रडावं की हसावं कळेना. तेवढ्यात नवनाथशेठची कोरी पांढरी व्हॅन दारात येऊन थांबली. तेलकट शाईने ढवळ्याला सकाळपासून खाज सुटली होती, आणि ही गुळगुळीत भिंत चालत दारी आलेली! त्याने एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत अंग घासून घेतलं. व्हॅन पाळण्यासारखी हलली.

"अहो, बैल आवरा! बैल!" शेठ आतून बोंबलला आणि पलीकडच्या दाराने उडी मारून पळाला.

दारात वाजणारी हलगी थांबली. पांढऱ्या पत्र्यावर मासे पोहत होते. चिमाजींनी टोपी काढली. "चुकलं, शेठ. राकेलनं पुसून देतो."

"हात लावायचा न्हाई!" शेठ डोळे विस्फारून ओरडला. "काय झ्याक दिसतंय, राव! गाडी गावोगाव हिंडंल, येगळा बोर्ड कशाला? पोरी, कागदावर दहा न्हाई, ईस काढ."

चिमाजींनी टोपी परत घातली. "अमृता, त्यो फारम आण. ठोकळे पुसाया कागद लागंल."

अमृता आनंदाने जागच्या जागी उडीच मारायची बाकी होती. "शेठ, गाडीची दुसरी बाजू मी माज्या हातानं करून देते!"

शेठने डोकं खाजवलं. "तू नगं, बाय. तुजं लई सरळ येईल. ह्यो बैलच लावा."

अमृताने कपाळावर हात मारला. चिमाजींनी मात्र ढवळ्याच्या तोंडात पुरणपोळी सारली आणि मान ताठ केली.

"आज जमायचं न्हाई, शेठ. पोळ्याला बैल कामाला लावत न्हाईत. उद्या या."