हलवू नये

दूध पाजणाऱ्या मातांच्या बाबतीत ती संस्था फार कडक होती. माता पिल्लाजवळ असताना खोलीत मोठ्याने बोलायचं नाही. दिवा मंद ठेवायचा, घरट्याला मऊ कापूस द्यायचा, दार आपटायचं नाही. पिल्लाला हात लावायचाच झाला तर आधी मातेच्या अंथरुणातला भुसा तळहातांना चोळून घ्यायचा, म्हणजे परक्या वासाने ती बावरणार नाही. नियम मोडणाऱ्याची गय नव्हती. एकदा खुद्द संचालकांना त्या खोलीसमोर शिंक आली, तर त्यांनी ती नाक दाबून जिरवली आणि दिवसभर कान धरून बसले.

या नियमांत एकच किरकोळ अडचण होती. ते उंदरांना लागू होते.

ही अडचण उंदीरबाईंच्या लक्षात आली ती बाळंतपणाची रजा संपवून कामावर आल्यावर. उंदीरबाई म्हणजे तिथल्या संशोधिका. त्यांचं काम थोडक्यात असं : मेंदूत सेरोटोनिन नावाचं एक रसायन असतं, आणि ते जिथे जाऊन बसतं त्या जागेला रिसेप्टर म्हणतात. बाई नवख्यांना समजावताना त्याला खुर्ची म्हणत. खुर्च्यांच्या पुष्कळ तऱ्हा असतात आणि प्रत्येक तऱ्हा कशी घडवायची याचा आराखडा जनुकात असतो. बाईंकडे दोन प्रकारचे उंदीर होते. काहींच्या सगळ्या खुर्च्या शाबूत होत्या. काहींच्या जनुकातून एका खुर्चीचा आराखडाच काढून टाकलेला होता. हे बिनखुर्चीचे उंदीर भित्रे निघत. मोकळ्या जागेत पाऊल टाकायचे नाहीत, भिंत धरून राहायचे, जरा कुठे खुट्ट झालं की रक्तात ताणाचं संप्रेरक सरसर चढायचं. खुर्ची गेली की जीव भित्रा होतो हे संस्थेत कुणालाच नवीन नव्हतं, पण उंदरांवर ते सिद्ध व्हायचं राहिलं होतं.

बाईंची मुलगी गुंडी अजून अंगावर पीत होती. बाटली तोंडाशी नेली की ती ओठ असे मिटून घेई, जणू तिच्याकडे कुणी लाच देऊ केली आहे. म्हणून दुपारी तिची आत्या, म्हणजे बाईंची धाकटी नणंद, तिला घेऊन संस्थेच्या फाटकाशी यायची. 

"बाळाला आत न्यायचं तर पास लागेल," पहारेकरी म्हणाला.

"मग द्या ना," आत्या म्हणाली.

"पासला फोटो लागतो. चेहरा समोर, डोळे उघडे, हसायचं नाही."

गुंडी त्याच्या शिट्टीकडे बघून हसत होती.

"पोरगी हसतेय म्हणून उपाशी ठेवणार का हो तिला?"

पहारेकऱ्याने नियमाकडे पाहिलं, मग गुंडीकडे पाहिलं, आणि मागच्या जिन्याकडे बोट दाखवलं. जिना संस्थेच्या धड आतही नव्हता आणि धड बाहेरही नव्हता. बाई तिथे भिंतीकडे तोंड करून पायरीवर बसायच्या. कुणी बूट वाजवत उतरलं की गुंडी दचकून तोंड सोडायची, रडायची, पुन्हा लागायची, तेवढ्यात दुसरे बूट यायचे. अर्धपोटीच ती परत जायची. मग बैठकीत कुठल्याशा आलेखावर बोलता बोलता बाईंचा पांढरा कोट छातीशी ओला व्हायचा, आणि सगळे सभ्य लोक आलेखाकडे अधिकच लक्ष द्यायचे.

शेवटी बाई प्रशासन अधिकाऱ्यांकडे गेल्या. त्यांना सगळे पाठीमागे तरतूदसाहेब म्हणत.

"माणसांसाठी तशी तरतूद नाही, मॅडम," ते हळहळून म्हणाले. "माणसं काय, भागवून घेतात."

"उंदरांसाठी आहे."

"त्यांना बिचाऱ्यांना तक्रार करता येत नाही ना. तुम्हाला बोलता येतं."

"बोलतेच आहे की मघापासून."

"तेच म्हणतोय मी. बोललात, म्हणजे तुमची सोय झाली."

पण माणूस वाईट नव्हता. त्याने नियम पुन्हा वाचले, चष्मा पुसून आणखी एकदा वाचले, आणि त्याचा चेहरा उजळला. नियमांत उंदीर हा शब्दच नव्हता. 'दूध पाजणारी मादी' एवढंच लिहिलेलं होतं.

"मी नियमाबाहेर पाऊल टाकत नाही, मॅडम," तरतूदसाहेब म्हणाले. "पण तुम्हाला नियमाच्या आत घेता येईल."

दुसऱ्याच दिवशी उंदरांच्या खोलीलगतची एक उबदार, मंद दिव्याची, आवाज न पोचणारी खोली बाईंना मिळाली. पिंजऱ्यावर अडकवतात तसं कार्ड दाराला लागलं : 'मादी. दूध पाजणारी. पिल्ले : एक. हलवू नये.' आता कार्ड असल्यावर पासाचा प्रश्नच मिटला. पहारेकरी गुंडीला वर आणताना तळहातांना भुसा चोळून घेऊ लागला. संचालक त्या वाटेने चवड्यांवर जाऊ लागले. गुंडी पोटभर पिऊन, तोंडाच्या कोपऱ्यात दुधाचा थेंब तसाच ठेवून झोपू लागली. बाई तिच्या टाळूवर गाल टेकून बसायच्या. भिंतीपलीकडे बिनखुर्चीची एक मादी पिलांना पोटाशी घेऊन पाय पसरून झोपलेली असायची.

"वहिनी, सून म्हणून आलीस तेव्हा घरात कुणी इतकी बडदास्त ठेवली नव्हती तुझी," आत्या म्हणाली. "उंदीर झालीस आणि नशीब फळफळलं बघ."

पण पाळलेला प्राणी प्रयोगाविना ठेवणं ही उधळपट्टी होती, आणि प्राणी समितीला उधळपट्टी खपत नसे. बाईंची लाळ तपासायला गेली, कारण लाळेत जनुकही सापडतं आणि संप्रेरकही. खुर्च्या सगळ्या शाबूत निघाल्या. ताणाचं संप्रेरक तर इतकं कमी, की तेवढं संस्थेत आजवर कुणाचंच आलं नव्हतं, सेवानिवृत्तांचंही नाही.

"निष्कर्ष स्वच्छ आहे," समितीचे अध्यक्ष म्हणाले. "मॅडमची खुर्ची शाबूत, म्हणून मन शांत."

"अहो, मन शांत आहे कारण दार बंद आहे," बाई म्हणाल्या. "पलीकडची ती बिनखुर्चीची मादी बघा. थरथरायची नुसती. पिलं झाल्यापासून तिला कुणी धक्का लावला नाही, तर तिचाही आकडा उतरलाय."

"दार हे जनुक नाही, मॅडम."

"नाहीच."

"दाराला खर्च येतो. जनुक ज्याचं त्याने घरून आणलेलं असतं."

एव्हाना बातमी फुटली होती. टंकलेखिकेने मादी होण्यासाठी अर्ज केला, मग ग्रंथपालबाईंनी केला. बदलीच्या यादीत नाव असलेल्या हिशेबनीसाने तर कार्डावरची फक्त शेवटची ओळ मागितली. इतक्या खोल्या आणायच्या कुठून? समिती बसली, आणि उठली ती परिपत्रक घेऊनच : 'ज्यांची खुर्ची शाबूत आहे त्यांना सोयीची गरज नाही. ज्यांची शाबूत नाही त्यांना सोयीचा उपयोग नाही. सबब खोली बंद करण्यात येत आहे.' खोलीत सभागृहातल्या जादा खुर्च्या रचून ठेवल्या.

पहारेकरी खाली मान घालून दारात आला. त्याच्या हातात उंदरांची पिलं आईपासून तोडून न्यायची पेटी होती.

"पिल्लू वेगळं करायचा हुकूम आहे, मॅडम. वारा लागावा म्हणून भोकं पाडलीत."

"भोकं कुणाच्या डोक्याला पाडायला हवी होती तेवढं विचारून या वर," आत्या म्हणाली आणि गुंडीला पदराखाली घेऊन तरातरा जिना उतरली.

जिना मात्र होता तिथेच होता. बाई पुन्हा पायरीवर, भिंतीकडे तोंड करून. बूट, दचकणं, रडणं, पुन्हा बूट. समितीने नियमाप्रमाणे पुन्हा लाळ नेली. आकडा दुपटीच्याही वर गेला होता. जनुक तर तेच होतं, म्हणजे दोष लाळ तपासणाऱ्या यंत्राचा होता हे उघड झालं. यंत्र मऊ कापडात गुंडाळून, मंद दिव्याच्या कपाटात ठेवण्यात आलं आणि त्यावर बाईंच्या दाराचं कार्ड लावलं. पहिल्या ओळी खोडल्या होत्या, 'हलवू नये' तेवढं राखलं होतं.

बाईंनी उंदरांवरच्या अहवालात एक शेवटची नोंद केली : एका पिंजऱ्यातल्या मातेला चुकून धक्के बसले, की शेजारच्या पिंजऱ्यांतले उंदीर, त्यांना कुणी बोटही लावलेलं नसताना, खाणं सोडून थबकतात. ताणाचं संप्रेरक त्यांचंही चढतं. बिनखुर्चीच्यांचं तर जास्तच.

समितीला हे रोचक वाटलं. माणसांत असं होतं का ते पाहायला जिन्यावरून येणाऱ्याजाणाऱ्या सगळ्यांची लाळ घेण्यात आली. गुंडी ऐन रडत असताना, ताजी ताजी. कुणाचाही आकडा तसूभर हलला नव्हता. सगळ्यांच्या खुर्च्या उत्तम स्थितीत होत्या. एकदोघांनी, बाईंचे पाय ओलांडता ओलांडता, "चालायचंच," असंही म्हटल्याची नोंद आहे.

पाहणी आता संस्थेबाहेर न्यायची ठरली आहे. लाळेचीही गरज उरलेली नाही, ही हकीगत वाचायला दिली की पुरतं. ती वाचताना आपल्याला अधूनमधून हसू आलं असेल आणि त्यापलीकडे काही झालं नसेल, तर काळजीचं कारण नाही. आपली खुर्ची शाबूत आहे. बसलात तिथून हलू नका.