बर्टकाकांच्या मानासाठी

रविवारी बर्टकाका जेवायला येणार म्हटल्यावर ग्लॅडिसनं नवऱ्याला आदल्या दिवशीच दम भरला, "पर्सी, उद्या घरात शर्टाचा विषय निघता कामा नये."

लंडनच्या ईस्ट एंडमधल्या बेथनल ग्रीनमध्ये हे पाळणं महाकठीण. तिथली माणसं यमकात बोलतात. शर्टाला म्हणतात बर्टकाका, ब्रेडला फ्रेडकाका, बेडला नेडकाका. आणि नुसतं 'काका' म्हटलं, तर तो वस्तू गहाण ठेवून घेणारा दुकानदार. आता ग्लॅडिसला लहानाचं मोठं करणाऱ्या सख्ख्या काकांचंच नाव बर्ट निघालं, यात पर्सीचा काय दोष? (नावं ठेवणारे ठेवून गेले, निस्तरायचं पर्सीनं.)

गेल्या नाताळात पर्सीच्या शर्टावर बीट सांडलं. "बर्टकाकांचं वाटोळं झालं! आधी त्यांना भिजत घाला!" असं तो सगळ्यांच्या देखत ओरडला. त्याच क्षणी काका तोंडावर रुमाल दाबून उठले, टोपी घेतली आणि चालते झाले. त्यानंतर फिरकलेच नाहीत.

"बापाच्या जागी आहेत ते मला," ग्लॅडिसचे डोळे भरून आले. "उद्या पुन्हा रुसून गेले, तर तूही त्यांच्या मागोमाग निघ."

पर्सी टरकला. दिवसभर भाजीच्या गाडीवर बडबडणारा माणूस तो, जिभेचा काय भरवसा? त्यानं विचार केला, वस्तूच दिसली नाही तर नाव तोंडात येईलच कसं? रविवारी सकाळी त्यानं घरातले सगळे शर्ट पोत्यात कोंबून दाराबाहेर ठेवले, ब्रेड शेजारणीकडे पोचवला, झोपायच्या खोलीला कुलूप ठोकलं आणि भर जुलैत उघड्या अंगावर लोकरी स्वेटर चढवला.

काका आले. घामानं निथळणारा जावई पाहून म्हणाले, "बरं नाही का रे?"

"छे, छे. जरा गारठा आहे."

जेवताना काकांनी विचारलं, "ग्रेव्ही पुसून घ्यायला काही नाही का?"

"आम्ही सोडलं ते," पर्सी ताटात बघत म्हणाला.

जेवण झाल्यावर काका जरा पाठ टेकायला उठले, तर पर्सी धावत जाऊन दाराला आडवा झाला. "तिकडे नको! तिकडे काही नाहीये!" आणि त्यानं बागेतली खुर्ची ओढत आणली.

काका खुर्चीत टेकले. त्यांनी कुलपाकडे बघितलं, मग स्वेटरकडे. हळू आवाजात म्हणाले, "पर्सी, खरं सांग. सगळं काकाकडे गेलं ना?"

"काका? कुठला काका? आम्हाला तुमच्याशिवाय काकाच नाही!"

"लाजतोस काय? माझा बिछानासुद्धा गेलाय एके काळी." त्यांनी भराभरा बटणं काढली आणि अंगातला शर्ट पर्सीपुढे धरला. "माझ्या पोरीचा नवरा उघडा राहणार? घे हा बर्टकाका."

"काका," ग्लॅडिस चाचरत म्हणाली, "तुम्हाला राग येतो ना या नावाचा?"

"राग? अगं, अख्खा ईस्ट एंड रोज सकाळी माझं नाव अंगात घालून कामाला जातो. राणीचं नाव घालतं का कुणी?"

"मग नाताळात उठून का गेलात?"

"हा वाटोळं म्हणाला आणि मला असं हसू फुटलं, की कवळीच निसटली! रुमालात धरून पळालो."

"पण नंतर आला का नाहीत?"

"तुम्ही बोलावलंत कुठं?"

ग्लॅडिस हसत-रडत त्यांच्या गळ्यात पडली. "पर्सी, तुझे शर्ट आण आधी. काकांचा त्यांना परत दे."

पर्सी बाहेर धावला. दाराबाहेर पोतं नव्हतं. चर्चसाठी जुने कपडे गोळा करणाऱ्या बायका ते कधीच उचलून घेऊन गेल्या होत्या. येताना निदान रिकाम्या हातानं नको, म्हणून तो शेजारणीकडून ब्रेड मागून घेऊन आला.

संध्याकाळी काका पर्सीचा स्वेटर घालून निघाले. त्यांच्या शर्टात कसाबसा कोंबलेला पर्सी, जाड लोणी लावलेला ब्रेडचा तुकडा हातात घेऊन, त्यांना पोचवायला दारात आला. वाकून निरोप द्यायला गेला आणि पोटावरचं बटण तुटून काकांच्या टोपीला लागलं.

काकांनी बटण उचलून त्याच्या हातात ठेवलं. म्हणाले, "पर्सी, बर्टकाकांचा जीव गुदमरतोय रे. उद्यापासून फ्रेडकाका जरा कमी खा."