तिसऱ्या जागेवरची चिठ्ठी

साडेअकराची वेळ ठरलेली असताना डेस्मंड ओल्ड्रॉइड पावणेअकरालाच सुपरमार्केटच्या कॅफेत येऊन खिडकीजवळच्या टेबलावर बसले. समोरचा चहा निवत चालला होता. चार वर्षांनी मुलगा भेटणार होता. फोन त्यानंच केला होता. "मी आणि बेथनी शनिवारी ऑटलीला येतो. एक सांगायचंय, पण ते समोरासमोर," एवढं बोलून स्टुअर्टनं फोन ठेवला होता. बेथनी म्हणजे त्याची बायको; लग्न झाल्याचं डेस्मंडच्या फक्त कानावर आलं होतं, सुनेला त्यांनी अजून पाहिलं नव्हतं. त्याला घरी बोलवायचा धीर डेस्मंडना झाला नाही, आणि बोलावलं असतं तरी तो आला नसता. म्हणून हा कॅफे.

डेस्मंडनी एकतीस वर्षं एकच नोकरी केली, लोकांची ड्रायव्हिंगची परीक्षा घ्यायची. शेजारी बसायचं, तोंडातून चकार शब्द काढायचा नाही, चूक दिसली की कागदावर खूण करायची आणि शेवटी तो कागद हातात ठेवायचा. ही सवय त्यांनी घरीही आणली. स्टुअर्ट लहान असल्यापासून त्या घरात माणसं कमी आणि चिठ्ठ्याच जास्त बोलायच्या. फ्रिजवर, "दिवा चालू राहिला. दुसरी वेळ." सतराव्या वर्षी त्यांनी पोराला स्वतः गाडी शिकवायला घेतली, आणि पहिल्याच रविवारी जेवायला बसल्यावर त्याच्या ताटाखालून कागद निघाला, "आरसा बघितला नाही. सात वेळा." त्यानंतर स्टुअर्टनं स्टिअरिंगला हात लावला नाही.

हे सगळं त्यानं सोसलं असतं. पण चार वर्षांपूर्वी ब्रेंडा, त्याची आई, गेली आणि अंत्यविधीच्या सकाळी त्याच्या खोलीच्या दाराखालून एक चिठ्ठी आत सरकली: "काळ्या बुटांना पॉलिश कर. आईला कमीपणा नको." खरं तर त्या सकाळी डेस्मंडना भलतंच काहीतरी सांगायचं होतं. कागदावर उतरलं ते बुटांचं. स्टुअर्टनं बुटांना पॉलिश केलं, आईला निरोप दिला आणि लीड्सला निघून गेला तो गेलाच.

आता घरात चिठ्ठी लिहायला कुणी उरलं नाही, तेव्हा माणसानं काय करावं? डेस्मंडनी पार्किंग धरलं. कॅफेच्या खिडकीसमोर, दुकानाच्या दाराला लागून सहा रुंद जागा होत्या. जमिनीवर बाबागाडीचं चित्र रंगवलेलं. लहान मुलं घेऊन येणाऱ्या आईबापांनीच तिथं गाडी लावायची. कुणीही नेमलेलं नसताना डेस्मंड त्या जागांची राखण करत. गाडीत मूल दिसलं नाही की वायपरखाली त्यांची चिठ्ठी जाई, आणि यॉर्कशरचा पाऊस ध्यानात घेऊन ती सँडविचच्या प्लास्टिकच्या पिशवीत घातलेली असे. वर ते चौकशीच्या काउंटरवर जाऊन तिथल्या जॅनिसला गाडीचा नंबर माईकवरून पुकारायला लावत. जॅनिसला त्यांचा अगदी वीट आला होता.

अकराला पाच मिनिटं कमी असताना एक छोटी निळी गाडी तिसऱ्या जागेत शिरली. दार सताड उघडलं. हिरव्या रेनकोटातली एक बाई आधी आडवी वळली, मग तिनं दोन्ही पाय बाहेर टेकवले, दाराला धरून हुश्श करत उठली. पोट चांगलंच पुढं आलेलं. मागच्या सीटवर मूल नाही, मुलाची खुर्चीसुद्धा नाही.

या प्रकारावरून त्यांचं आणि जॅनिसचं मागच्याच महिन्यात वाजलं होतं.

"पोटात का होईना, मूल आहे ना?" जॅनिस म्हणाली होती. "अहो डेस्मंडराव, ती जागा रुंद कशासाठी असते? दार पूर्ण उघडावं म्हणून. आठव्या महिन्यात बाईनं काय खिडकीतून उतरायचं?"

"पाटीवर लिहिलंय, बारा वर्षांखालचं मूल सोबत हवं," डेस्मंड म्हणाले होते. "जे जन्मालाच आलं नाही ते बारा वर्षांखालचं कसं धरायचं? उद्या कुणीही म्हणेल, आमचा विचार चाललाय."

आज तरी गप्प बसावं असं त्यांच्या मनात आलं. पण साडेअकरा वाजायला अजून अवकाश होता, आणि लिहायला घेतलं की जीव शांत होतो हा जुना अनुभव होता. त्यांनी वही काढली. "१. गाडीत मूल आढळलं नाही. २. पोटातलं मूल मोजलं जात नाही. ३. गरोदरपणी चालणं चांगलं असतं. ही पहिली ताकीद." बाहेर जाऊन त्यांनी चिठ्ठी लावली. वाऱ्यानं उडू नये म्हणून पिशवीचं तोंड वायपरच्या दांड्याला घट्ट बांधलं आणि हलक्या मनानं परत येऊन चहा मागवला.

तेवढ्यात फोन वाजला. कॉफीच्या यंत्राच्या घरघरीत ऐकू येईना, म्हणून ते कोपऱ्यात जाऊन भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. स्टुअर्ट बसमधून बोलत होता. साडेअकरापर्यंत पोचतो म्हणाला. बेथनीला सकाळी ऑटलीतच मैत्रिणीकडे काम होतं, ती गाडी घेऊन पुढं आलीय, तुमच्यासाठी काही घ्यायला दुकानात शिरली असेल. हवामान, बसची गर्दी असं थोडं थोडं बोलून तो अडखळला.

"बाबा, समोरच सांगणार होतो. पण तुम्ही एकदम बघून दचकाल. तिला आठवा महिना लागलाय."

डेस्मंडनी भिंतीला हात टेकला. "हिरवा रेनकोट?"

"हो. तुम्हाला कसं कळलं?"

"अंदाज," डेस्मंड म्हणाले.

आपण आजोबा होणार हे ऐकून माणसाला आनंद व्हावा, तसा तो त्यांनाही झाला. पुरते तीन-चार सेकंद टिकला. मग ती चिठ्ठी डोळ्यांपुढं आली. तेच अक्षर, तेच आकडे घालून मांडलेले मुद्दे. स्टुअर्टला ते लांबूनही ओळखू येईल, आणि या खेपेला तो लीड्सच्याही पलीकडे जाईल. भिंतीवरच्या घड्याळात अकरा वाजून बारा मिनिटं झाली होती.

कोट न घालताच ते पावसात धावले. पिशवी जागेवर होती. ओढली तर निघेना. स्वतःच बांधलेली गाठ ओली होऊन आणखी आवळली होती. नखांनी सुटेना, दातांनी सोडवायला वाकवेना. शेवटी पाय रोवून त्यांनी हिसका दिला. पिशवी आली, आणि तिच्याबरोबर वायपरही मुळापासून हातात आला. निळ्या गाडीनं एकदम भोंगा धरला.

सगळं पार्किंग बघायला लागलं. काचेतून आत जॅनिस माईककडे हात नेताना दिसली, तसे डेस्मंड वायपर घेऊनच आत घुसले.

"पुकारू नकोस. हात जोडतो."

"का बरं? इतकी वर्षं पुकारायला लावून लावून माझा घसा बसवलात. आज काय झालं?"

"ती माझी सून आहे."

जॅनिसनं वायपरकडे बघितलं, दुसऱ्या हातातल्या पिशवीकडे बघितलं आणि माईक खाली ठेवला. तिनं विचारलं, तिलाच चिठ्ठी लावलीत? डेस्मंडनी मान हलवली.

"तुमचं काही खरं नाही, डेस्मंडराव," ती म्हणाली.

भोंगा बंद झाला. दारात हिरवा रेनकोट उभा होता, एका हातात गाडीची किल्ली आणि दुसऱ्या हातात आल्याच्या केकचं खोकं. डेस्मंडनी पिशवी पँटच्या खिशात कोंबली. वायपर कोंबायला जागा नव्हती.

"तुम्ही स्टुअर्टचे बाबा ना? मी बेथनी." तिची नजर वायपरवर गेली.

"सैल झाला होता," डेस्मंड म्हणाले. एकतीस वर्षं दुसऱ्यांच्या सबबी ऐकल्या, पण इतकी भिकार सबब त्यांनी कुणाच्या तोंडून ऐकली नव्हती.

"हो का? बरं झालं तुमच्या लक्षात आलं," बेथनी म्हणाली, आणि जाऊन टेबलाशी बसली.

स्टुअर्ट आला. दाढी वाढवली होती आणि ती अगदी आईच्या केसांच्या रंगाची होती. बापलेकांनी हात मिळवले. केक कापला गेला. सगळं सुरळीत चाललं होतं आणि डेस्मंडच्या कपाळावर घाम होता. खिशातली ओली पिशवी मांडीवर गार गार पाझरत होती. त्यातून बेथनीनं नेमका पार्किंगचाच विषय काढला.

"मागच्या आठवड्यात मी शहाण्यासारखी साध्या जागेत गाडी लावली," ती सांगत होती. "परत येते तर दोन्ही बाजूंनी गाड्या खेटून उभ्या. दार वीतभर उघडेना. शेवटी डिकीतून शिरले आणि मधेच अडकले. एका भल्या माणसानं चपला धरून आत ढकललं. तेव्हापासून सरळ रुंद जागेत लावते. लोक बघतात तर बघू देत."

डेस्मंडचा चहा बशीत सांडला. त्यांनी विचारलं, साखर हवी का? ती कुणालाच नको होती.

स्टुअर्टनं चमचा खाली ठेवला. "बाबा, अजून चिठ्ठ्या लिहिता?"

आवाज साधाच होता, पण तो उत्तराची वाट बघत होता. "एवढ्यासाठी विचारतोय, की माझ्या पोराच्या उशाशी मला चिठ्ठी नकोय. तसं असेल तर आत्ताच सांगा. केक खाऊ आणि आम्ही निघू."

"नाही" हा शब्द डेस्मंडच्या जिभेच्या टोकावर होता. कुणी काही पाहिलं नव्हतं. जॅनिस बोलणार नव्हती. एक शब्द, आणि मुलगा परत, सून, नातवंड, सगळं. त्यांनी बेथनीकडे बघितलं. ती ताटलीतले केकचे कण बोटानं टिपत होती.

त्यांनी खिशातून पिशवी काढून टेबलावर ठेवली.

"अजून तासही झाला नाही," ते म्हणाले. "हिच्याच गाडीला लावली. वायपर माझ्यामुळंच तुटला. ही कोण ते मला माहीत नव्हतं. पण दुसरी कुणी असती तरी वाईटच होतं ते."

स्टुअर्टनं चिठ्ठी बाहेर काढून वाचली. वाचता वाचता त्याचा जबडा आवळला आणि त्यानं खुर्ची मागे सारली. आता सगळं गेलंच आहे, तर उरलेलंही बोलून टाकावं असं डेस्मंडना वाटलं.

"त्या दिवशी मला बुटांचं काही सांगायचं नव्हतं. मला एकट्याला हे झेपत नाहीये, तू चार दिवस थांब, असं सांगायचं होतं. लिहिता आलं नाही."

"बोलायचं ना मग."

"तेही आलं नाही."

स्टुअर्ट उभाच होता. बेथनीनं मान वर न करता त्याला सांगितलं, "उलटी कर ती."

मागच्या बाजूला निळ्या पेनानं, दुसऱ्याच हाताचं अक्षर होतं. स्टुअर्टनं मोठ्यानं वाचलं: "हे अक्षर मी ओळखते. बुटांची चिठ्ठी आमच्या कपाटात आहे. स्टुअर्ट यायच्या आत ही तुम्ही स्वतः काढलीत, तर मी त्याला कधीच सांगणार नाही. बेथनी. ता. क. गरोदरपणी चालणं किती चांगलं असतं ते एकदा हे पोट घेऊन चालून दाखवा."

पाकीट गाडीत विसरलं म्हणून ती मधेच बाहेर आली होती. त्या वेळी डेस्मंड भिंतीकडे तोंड करून फोनवर होते. तिनं गाठ सोडली नव्हती, पिशवी खालून फाडून कागद काढला होता आणि लिहून परत सरकवला होता.

"म्हणजे मी गप्प बसलो असतो तरी..." डेस्मंड म्हणाले.

"तरी काही बिघडलं नसतं. मी शब्द पाळणार होते," बेथनी म्हणाली. "तुम्हीच पचकलात."

स्टुअर्ट एकदा तिच्याकडे, एकदा वडिलांकडे बघत राहिला. मग त्यानं ती फाटकी पिशवी दोन बोटांत धरून उचलली.

"अजून पिशवीत घालता?"

"पाऊस असतो," डेस्मंड म्हणाले.

स्टुअर्टला हसू आवरेना. तो खाली बसला आणि त्यानं खुर्ची पुन्हा पुढं ओढली. डेस्मंडच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, पण ते कुणीही लिहून घेतलं नाही.

निघताना पावसानं जोर धरला आणि नवा पेच पडला. वायपरशिवाय बेथनीला गाडी नेता येईना, आणि स्टुअर्टला गाडी चालवता येत नव्हती. का येत नाही, हे कुणी काढलं नाही. लीड्सपर्यंत डेस्मंडनीच सोडायचं ठरलं. त्यांची गाडी तत्त्वाप्रमाणे पार्किंगच्या पार टोकाला होती. बापलेक एका छत्रीतून तिथपर्यंत भिजत गेले आणि गाडी घेऊन दारापाशी आले. तिसऱ्या जागेत निळी गाडी होती, चौथी जागा रिकामी होती. डेस्मंडनी ब्रेक दाबला. समोर बाबागाडीचं चित्र पावसात चकाकत होतं.

"तिला दार पूर्ण उघडायला लागेल," स्टुअर्ट म्हणाला.

डेस्मंडनी श्वास रोखून गाडी आत घातली. जॅनिस बेथनीवर छत्री धरून बाहेर आली. तिला मागच्या सीटवर नीट बसवून ती पुढं आली आणि तिनं काचेवर टकटक केली. हा क्षण ती अनेक वर्षं मनात घोळवत असावी.

"डेस्मंडराव, तुमच्या गाडीत मूल कुठाय?"

डेस्मंडनी शेजारी बोट दाखवलं. अडतीस वर्षांचा स्टुअर्ट दाढीतून पाणी निथळत, मांडीवर केकचं खोकं घेऊन बसला होता.

"बारा वर्षांखालचं लागतं. पाटीवर लिहिलंय."

"असू दे," डेस्मंड म्हणाले. "मला हे आजच मिळालंय."

जॅनिस छत्री सावरत आत गेली. डेस्मंडनी डोळे पुसले, गिअर टाकला आणि गाडी मागे घ्यायला सुरुवात केली.

"बाबा," स्टुअर्ट म्हणाला, "आरसा बघितला नाहीत. पहिली वेळ."

डेस्मंडनी गाडी थांबवली आणि आरशात बघितलं.